भिडेपोटी घेतलेली साडी

कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माझी एक मोरपंखी साडी आहे. सहा वर्षं झाली, तिला अजून फॉल-पिको केलेलं नाही. रंग मला शोभत नाही, पोत अंगाला टोचतो, आणि काठ इतका कडक आहे की निऱ्या नीट बसणार नाहीत हे ती हातात घेतल्याक्षणीच कळलं होतं. तरी मी तिचे १,८०० रुपये मोजले. कुणी फसवलं नाही की दमदाटी केली नाही. विकणारी माझी मैत्रीण होती आणि मी तिच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते.

निरोप फोनवर आला होता. ‘शुक्रवारी पाचला ये. कारणं सांगायची नाहीत हं.’ आम्ही पंधरा-सोळा जणी जमलो. हळदीकुंकू झालं, अत्तर लागलं, हातावर तिळगूळ पडला, वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली, मसाला दूध आलं. एरवी यानंतर गप्पा रंगतात आणि मग कुणीतरी ‘कुकर लावायचाय’ म्हणत उठते. त्या दिवशी मैत्रिणीने आतल्या खोलीचं दार उघडलं. दिवाणावर पांढरी चादर अंथरून साड्यांचे ढीग मांडलेले होते. ‘आलाच आहात तर दहा मिनिटं बघून जा. घेतलीच पाहिजे असं काही नाही.’

कोपऱ्यात तिची मुलगी वही घेऊन बसली होती. वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारून डाव्या रकान्यात आम्हा सगळ्यांची नावं आधीच लिहून ठेवलेली होती. उजवा रकाना रिकामा होता. माझं नाव वरून पाचवं. ते दिसलं आणि माझ्या मनातला ‘बघू नंतर’ तिथेच विरला.

माझ्या शेजारी तळमजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. त्यांच्या मुलाची नोकरी तेव्हा गेलेली होती, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी ढिगातल्या साड्या एकेक करून उलटून आतल्या चिठ्ठ्या पाहिल्या. साडीपेक्षा त्या चिठ्ठीकडेच त्यांचं लक्ष होतं. शेवटी सगळ्यात स्वस्त, ६५० रुपयांची सुती साडी त्यांनी बाजूला काढली, कमरेच्या बटव्यातून शंभराच्या दोन नोटा दिल्या आणि बाकीचे हप्त्याने देते म्हणाल्या. ‘घाई नाही हो काकू, सवडीने द्या,’ मैत्रीण मनापासून म्हणाली. त्यानंतर काकू भिशीला येईनाशा झाल्या. दोन महिन्यांनी भाजीवाल्याच्या गाडीपाशी भेटल्या तेव्हा मी विचारलं. ‘साडेचारशे द्यायचे राहिलेत गं तिचे. कुठल्या तोंडाने येऊ?’

मला हा लेख लिहायला लावला तो काकूंच्या या वाक्याने. माझ्या १,८०० रुपयांचं दुःख मी कधीच गिळलं. पण वीस वर्षं ज्या घरात त्यांचं येणंजाणं होतं, ते घर साडेचारशे रुपयांपायी त्यांना परकं झालं. आणि मैत्रिणीला याचा पत्ताही नव्हता.

घरी बोलावून विकण्याची पद्धत आता आपल्याकडे घरोघरी रुजली आहे. साड्या, इमिटेशनचे दागिने, प्लास्टिकचे डबे, नॉनस्टिक भांडी, प्रसाधनं, वजन कमी करण्याच्या भुकट्या, गोळ्या. भिशी, हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुलाचा वाढदिवस, कुठलंही निमित्त चालतं. ऑफिसात दिवाळीआधी फराळाच्या आणि पणत्यांच्या याद्या टेबलावरून टेबलावर फिरतात. परदेशातल्या मराठी घरांमध्ये भारतातून आणलेल्या साड्यांची विक्री तळघरात मांडली जाते, आणि तिथे ओळखीची घरंच मोजकी असल्याने नाही म्हणणं आणखी जड जातं. यात वाईट ते काय, असं विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. माझं म्हणणं असं की विकण्यात काहीच वाईट नाही. जे वाईट आहे ते निमंत्रणात आहे.

आपल्या भाषेत या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टीला नेमका शब्द आहे, भीड. भीती वेगळी, लाज वेगळी, आदर वेगळा, आणि भिडेत या तिन्हींचा थोडाथोडा अंश असतो. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आपण आपली गरज गिळतो, ती भीड. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्या जुन्या माणसांनी म्हणून ठेवलंय, ते भिडेपायी घरं बुडालेली बघून. पण मला भीड सर्वस्वी वाईट वाटत नाही. ती आहे म्हणून आपण अवेळी आलेल्या पाहुण्यालाही ताट वाढतो, शेजारणीला अर्धी वाटी साखर देऊन परत मागत नाही, आजारी माणसाकडे डबा पोचवतो. ही ठेव वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून साठलेली असते आणि ती दोघींच्या मालकीची असते. घरात साड्या मांडून बोलावणारी बाई त्या ठेवीतून एकटीच रक्कम काढते, आणि तीही दुसरीला न विचारता.

आता कुणी म्हणेल, घरी येऊन विकणं आपल्याकडे काही आजचं नाही. खरं आहे. माझ्या आजोळी कासार घरी येऊन बांगड्या भरायचे. दुपारी बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी. ती ओट्यावर टेकली की आजी आतून जुन्या कपड्यांचं गाठोडं आणायची आणि मग जे सुरू व्हायचं ते बघण्यासारखं असे. बोहारीण जरीची साडी उन्हात धरून बघायची, विरलेली जागा बोटाने दाखवायची. आजी पातेलं वाजवून बघायची, त्याचा बुडाचा पोचा दाखवायची. ‘एवढ्या चार लुगड्यांत हे एवढंसं पातेलं? उचल तुझी पाटी.’ बोहारीण पाटी उचलायची, चार पावलं जायची, परत यायची. तासभर चालायचं. कधी सौदा व्हायचा, कधी नाही. नाही झाला तर दोघींपैकी कुणाच्याही मनात काही राहायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात ती पुन्हा येणारच होती.

ती आजी मला आज आठवते ती या फरकासाठी. एका पातेल्यासाठी तासभर भांडणारी बाई कंजूस नव्हती आणि तुसडीही नव्हती. त्याच बोहारणीला ती पाणी द्यायची, उन्हाची वेळ असली तर भाकरीही द्यायची. पण पाणी हे पाणी होतं आणि सौदा हा सौदा. पाणी प्यायली म्हणून बोहारणीने पातेलं मोठं दिलं नाही, आणि पातेलं लहान निघालं म्हणून आजीने पाणी नाकारलं नाही. त्याच घराण्यातली मी, मैत्रिणीच्या दिवाणापाशी उभी राहून किंमत कमी कर म्हणू शकले नाही, काठ कडक आहे म्हणू शकले नाही, साधं पदर उलगडून बघू का असंही विचारू शकले नाही. कारण मी गिऱ्हाईक म्हणून गेलेच नव्हते. मी पाहुणी होते, आणि पाहुणीने घासाघीस करायची नसते.

ही गफलत आपोआप झालेली नाही. ती घडवून आणलेली आहे आणि तिला इतिहास आहे. अमेरिकेत अर्ल टपर याने १९४६ च्या सुमारास घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते पडून राहिले, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची हे कुणी दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला उमगत नव्हतं. त्याच सुमारास ब्राउनी वाइज नावाची एक घटस्फोटित बाई, एकटीने मुलगा वाढवणारी, घरगुती पार्ट्यांमध्ये हे डबे प्रचंड संख्येने खपवत होती. टपरने १९५१ मध्ये सगळा माल दुकानांतून काढून घेतला आणि तिच्या हाती कारभार दिला. तिथून पुढे कित्येक वर्षं टपरवेअर बायकांच्या दिवाणखान्यातच विकलं गेलं. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली बाई ठरली.

मला या बाईबद्दल आदर आहे. त्या काळात नोकरीची दारं बंद असलेल्या हजारो गृहिणींना तिने कमाई मिळवून दिली. पण तिचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९५८ च्या जानेवारीत टपरने तिला काढून टाकलं. जी कंपनी तिने उभी केली तिच्यात तिच्या नावावर एक शेअर नव्हता. वर्षभराच्या पगाराएवढी रक्कम घेऊन तिला बाहेर पडावं लागलं. मैत्रिणींच्या भरवशावर उभा राहिलेला पैसा शेवटी कुणाच्या खिशात गेला, हे तिच्याच आयुष्यात दिसून आलं. भारतात टपरवेअर १९९६ मध्ये आलं. नव्वदच्या दशकात अशा आणखी कंपन्या आल्या, आणि आपल्या भिशी-हळदीकुंकवात त्यांना तयार मांडव सापडला.

या पद्धतीत पार्टी देणारी आणि विकणारी पुष्कळदा वेगळ्या असतात. विकणारी येऊन माल दाखवते. घर, चहा, खाणं आणि मुख्य म्हणजे माणसं पुरवते ती यजमानीण. किती विक्री झाली आणि पाहुण्यांपैकी किती जणींनी पुढची पार्टी आपल्या घरी ठेवायचं कबूल केलं, यावर यजमानणीला भेटवस्तू मिळते. पाहुणीला हे माहीत असतं किंवा अंदाजाने कळतं. म्हणजे अनोळखी विक्रेतीला नाही म्हणायचं ठरवलं तरी ते नाही जाऊन लागतं मैत्रिणीला. त्यात हातात तिच्या घरचा चहा असतो, मांडीवर तिने दिलेली छोटीशी भेट असते, आणि शेजारच्या दोघींनी आत्ताच ऑर्डर लिहून दिलेली असते.

जोनाथन फ्रेन्झन आणि हॅरी डेव्हिस या अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये अशा घरगुती विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खरेदी कशावर ठरते हे त्यांनी तपासलं, तेव्हा वस्तू आवडण्याच्या मानाने यजमानणीशी असलेल्या नात्याचं वजन जवळपास दुप्पट भरलं. माझ्या मोरपंखी साडीला यापेक्षा वेगळं प्रमाण नको. दुकानदाराला माल चांगला ठेवावा लागतो, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. नात्यावर खपणारा माल चांगला असण्याची गरजच उरत नाही.

याला पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘सगळ्या मोठ्या बायका आहेत. नको तर नको म्हणावं. कोण हात धरतंय?’ हे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वहीकडे बघावं. आपलं नाव लिहिलेलं आहे आणि समोरची जागा कोरी आहे, हे बघून पंधरा जणींसमोर उठून चप्पल घालणं किती जणींना जमेल? पुरुषांना विचारते, ऑफिसातल्या साहेबाच्या मेव्हण्याने विम्याची पॉलिसी आणली तेव्हा तुम्ही काय केलंत? आपल्याकडे किती घरांत अशा पॉलिसी पडून आहेत, ज्यांचा हप्ता भरणाऱ्यालाही त्या कशाच्या आहेत ते सांगता येत नाही. भीड काही फक्त बायकांना नसते. आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना नको म्हणणं त्यातल्या त्यात सोपं असतं. ‘आवडली नाही’ म्हटलं की लोक मान्य करतात. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचं ‘नको’ म्हणजे चारचौघींत आपली अडचण उघडी करणं. म्हणून काकूंनी घेतली. ओढगस्तीतला माणूस भिडेची किंमत सगळ्यात महाग मोजतो.

दुसरा आक्षेप माझ्या जिव्हारी लागतो. ‘एखादी बाई घर सांभाळून चार पैसे मिळवायला बघतेय, तर तुमच्या पोटात का दुखतं? मॉलमध्ये लेबलावरची किंमत मुकाट्याने देता, मैत्रिणीला देताना हात आखडतो?’ मी हे हलक्यावर घेत नाही. माझ्या मैत्रिणीनेही हौसेखातर साड्या मांडल्या नव्हत्या. मुलगी दहावीत होती, क्लासची फी थकली होती, आणि मुलांमुळे नोकरी सोडलेल्या बाईला पंचेचाळिशीत कुणी नोकरी देत नाही. घरातल्या घरात करता येईल असं काम म्हणून तिने सुरतेहून माल मागवला. तिची गरज खरी होती.

पण या मार्गाने तिचं भलं झालं का? तिनेच दोन वर्षांनी मला सांगितलं. पहिल्या संक्रांतीला विक्री जोरात झाली, कारण ओळखीतल्या सगळ्या जणींनी एकेक साडी घेतली. दुसऱ्या खेपेला निम्म्या आल्या. तिसऱ्या खेपेला फोन उचलेनाशा झाल्या. माल दिवाणाच्या पेटीत पडून राहिला, त्यावर पैसा अडकला. ‘साड्या राहिल्या त्याचं नाही गं काही,’ ती म्हणाली, ‘पण आता मी नुसता सहज फोन केला तरी समोरची आधी गप्प होते. मी काही विकायला फोन केलाय का, याचा अंदाज घेत असते.’ हे सांगताना तिचा आवाज गेला. मी त्या गप्प होणाऱ्यांपैकीच एक होते. मी तिला कधी सांगितलं नव्हतं की ती साडी मला नको होती. सांगितलं असतं तर कदाचित तिने दुसऱ्यांदा माल मागवताना विचार केला असता. तेवढी मैत्री माझ्याकडून व्हायला हवी होती. झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

ओळखी मोजक्या असतात. त्यांच्यावर चालणारा धंदा ओळखी संपल्या की संपतो. खरं गिऱ्हाईक अनोळखी असतं, वस्तू आवडली म्हणून परत येतं आणि नाही आवडली तर तोंडावर सांगतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या, तेव्हा त्यांच्याकडे उसने घेतलेले ८० रुपये होते आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या व्यापाऱ्याकडे नेली. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. गरज त्यांचीही होती, त्याही गृहिणीच होत्या. पण पापड लाटायला त्या मैत्रिणीच्या नात्याने एकत्र बसल्या आणि विकायला बाजारात गेल्या. मैत्रीचा उपयोग त्यांनी काम वाटून घेण्यासाठी केला. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून या राज्यात काम करतंय, बचत गटांचं जाळं गावोगाव पसरलंय, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, पुण्यात भीमथडी जत्रा भरते. या प्रदर्शनांना जाणारा माणूस पिशवी घेऊनच जातो. त्याला कुणी चहाला बोलावलेलं नसतं. बघून नुसतं पुढे गेलं तर स्टॉलवरच्या ताईला वाईट वाटत नाही. त्या ताईंना पुरेसे स्टॉल मिळत नाहीत, भाडी परवडत नाहीत, वर्षातून दोन-चारच संधी येतात, ही खरी अडचण आहे आणि तिच्यासाठी भांडायला मी कधीही तयार आहे. सोसायटीचा हॉल, शाळेचं पटांगण, मंगल कार्यालयाचं रिकामं तळघर महिन्यातून एक रविवार नाममात्र भाड्याने मिळालं, तर माझ्या मैत्रिणीसारख्या कितीतरी जणींना स्वतःचा दिवाणखाना पणाला लावावा लागणार नाही.

साखळी योजनांचा प्रकार याच्या पुढचा. तिथे तुम्ही नुसती वस्तू घ्यायची नसते, स्वतः विक्रेते बनून आणखी चार जण आणायचे असतात. ‘एका छान संधीबद्दल बोलायचंय, घरी येऊ का?’ असा फोन येतो आणि संधी कसली ते विचारलं तर ‘प्रत्यक्षच सांगतो’ म्हणतात. चुलतभाऊ असतो, कॉलेजचा जुना मित्र असतो, बारा वर्षांत एकदाही चौकशी न केलेला. माणसं भरती करून पैसा फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियमही काढले. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. आणि बोलणं सुरू करतानाच, कुणी विचारण्याची वाट न बघता, आपण कोण, कोणत्या कंपनीकडून आलो, काय विकतो आणि येण्याचा हेतू काय, हे खरं आणि स्पष्ट सांगायचं. ‘सहज आलो होतो’ म्हणत सोफ्यावर बसून तिसऱ्या वाक्याला बॅग उघडणारा कंपनीचा माणूस हा नियम मोडत असतो. हे फार थोड्यांना माहीत आहे.

हे नियम कंपन्यांच्या विक्रेत्यांसाठी आहेत. स्वतः माल आणून विकणारी मैत्रीण त्यात येत नाही, आणि तिच्या दिवाणखान्यात कायद्याने येऊन बसावं असं मला वाटतही नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकातच नियम झाला की घरात झालेली ठरावीक रकमेवरची खरेदी गिऱ्हाइकाला तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता यावी. विक्रेता गेल्यावर शांतपणे विचार करायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. अनोळखी विक्रेत्यापुढे हा हक्क कामाचा आहे. मैत्रिणीपुढे त्याचा काय उपयोग? ज्या भिडेने साडी घेतली, तीच भीड ती परत करू देत नाही.

म्हणून याचं उत्तर चालीरीतीतच शोधायला लागेल, आणि ते आपल्याकडे आहे. आपल्या लग्नपत्रिका बघा. लग्नातल्या आहेराने पूर्वी माणसं मेटाकुटीला येत. कुणी किती दिलं याची वही असायची, मांडवात कोपऱ्यात बसून एक काका नाव आणि रक्कम लिहून घ्यायचे, आणि ती वही पुढच्या पिढीपर्यंत जपली जायची. ज्याला आहेर परवडत नसे तो आजारपणाचं निमित्त सांगून लग्नालाच येत नसे. मग हळूहळू पत्रिकेच्या तळाशी एक ओळ येऊ लागली, ‘कृपया आहेर आणू नये’. कुणी लिहिलं, ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’. सुरुवातीला लोकांना ते कोरडं वाटलं असेल, काहींना अपमानाचंही. आज ती ओळ इतकी सवयीची झालीय की आपण वाचतही नाही. पण त्या एका ओळीने कितीतरी माणसं ताठ मानेने मांडवात येऊ शकली. ती लिहायची जबाबदारी यजमानाची होती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पाहुण्याने धीटपणे रिकाम्या हाताने यावं, अशी अपेक्षा कुणी केली नाही.

तसंच इथे व्हावं. नको म्हणायला शिका, असा उपदेश मी काकूंना करणार नाही. बोलावणारीने बोलावताना सांगावं. विक्री असेल तर निरोपात विक्री म्हणावं, काय आहे आणि साधारण किती रुपयांपासून आहे तेही सांगावं. हळदीकुंकू वेगळ्या दिवशी करावं. नावांची वही ठेवू नये, कारण कोण आलं नि कोणी घेतलं नाही याची नोंद एकदा झाली की ती मनातून पुसली जात नाही. किमतीची चिठ्ठी वर दिसेल अशी लावावी, म्हणजे कुणाला साड्या उलटून बघाव्या लागणार नाहीत. आणि उधारी देऊ नये. ऐकायला हे कठोर वाटतं, पण मैत्रिणीला दिलेली उधारी तिला आपल्या दारातून हाकलते, हे मी पाहिलं आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साड्यांचे फोटो टाकणाऱ्यांनी विक्रीचा ग्रुप वेगळा करावा आणि त्यात कुणाला न विचारता घेऊ नये.

आपण बाकीच्यांनीही एक करावं. मैत्रीण अडचणीत आहे हे कळत असेल तर तिला मदत म्हणून मदत करावी. मुलीच्या फीला दोन हजार कमी पडत असतील तर दोन हजार द्यावेत. न आवडलेली साडी घेऊन आपण तिला मदत केल्याचं समाधान मिळवतो, पण त्यातला मोठा वाटा मालाच्या किमतीत जातो, तिच्या हाती जेमतेम तीन-चारशे पडतात, आणि ‘लोकांना माझ्या साड्या आवडतात’ असा चुकीचा भरवसा तिला मिळतो तो वेगळाच.

गेल्या पौषात मैत्रिणीचे दोन निरोप आले. पहिला असा होता: ‘शनिवारी ४ ते ७ खालच्या हॉलमध्ये साड्या मांडतेय. सुती ५०० पासून, सिल्क १,५०० पासून. हव्या असतील तरच या, नसतील तर अजिबात येऊ नका. ओळखीपाळखीच्यांना सांगा.’ दुसरा निरोप, ‘रविवारी पाचला हळदीकुंकू. त्या दिवशी विकायला काहीही नाही.’ शनिवारी मी गेले नाही, साडी घ्यायची नव्हती. पलीकडच्या दोन सोसायट्यांमधल्या बायका आल्या होत्या असं नंतर कळलं, आणि त्यांनी भरपूर घासाघीस केली म्हणे. रविवारी पाच वाजता मी तळमजल्यावर जाऊन काकूंचं दार वाजवलं. त्यांना वर येववत नव्हतं, गुडघे धरले होते. पण दुसरा निरोप त्यांनाही आला होता आणि त्या साडी बदलून तयार होऊन बसल्या होत्या. आम्ही दोघी कठड्याला धरत, मधल्या जिन्यावर एकदा टेकत, सावकाश वर गेलो.